काळा फत्तर

हिंगोली जिल्ह्यात कुठेही विहीर खोदायला घ्या, याची गाठ पडल्याशिवाय राहत नाही. कुणाला हातभर मातीखाली भेटतो, कुणाला पंचवीस फुटांवर. वरची काळी संपते, पिवळसर मुरूम संपतो आणि टिकावाखालचा आवाज बदलतो. 'फत्तर लागला,' असं खालून कुणीतरी सांगतं. तेवढ्या दोन शब्दांवर काठावर उभ्या असलेल्या घरधन्याचा सगळा हिशेब फिरतो. सुरुंगाला किती लागणार, क्रेनला किती, सोयाबीनच्या पट्टीतून किती उरले होते आणि आता कुणाकडे हात पसरायचा.

काळा फत्तर हा इथला सगळ्यात जुना रहिवासी. हिंगोली परभणीपासून वेगळी झाली १ मे १९९९ला. फत्तर आला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला. त्याच्यावर दुसरा लोट आला, मग तिसरा. कधी दोन लोटांमध्ये इतका काळ गेला की आधीच्या थराच्या माथ्यावर माती तयार झाली, आणि पुढच्या लोटानं ती भाजून तांबडी केली. भूशास्त्रज्ञ याला बेसाल्ट म्हणतात. महाराष्ट्राची ८० टक्क्यांहून जास्त जमीन याच्यावर उभी आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी याच्यातच कोरली, रायगड याच्याच खांद्यावर बसला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत या पाचही तालुक्यांत तो आहे. पूर्णा, पैनगंगा आणि कायाधू यांनी काठाला गाळाचे पट्टे आणून टाकले आहेत, तेवढ्यातच तो नजरेआड होतो. तिथंही गाळाखाली तो आहेच.

माळावरून चालणाऱ्याला तो सगळीकडे सारखाच वाटतो: काळा, तापलेला, अबोल. त्याचा स्वभाव कळायचा तर विहिरीत उतरावं लागतं. नव्या खोदलेल्या, अजून बांधून न काढलेल्या विहिरीच्या भिंतीवर त्याचं सगळं कुटुंब एकावर एक उभं दिसतं. थोरला कातळ. घट्ट, निळसर काळा, बारीक कणांचा. लोटाच्या पोटात हा सावकाश थंड झाला, त्यामुळं त्याच्या अंगात पोकळी राहिली नाही. त्याच्यावर मांजऱ्या. लोटाच्या माथ्याशी वाफेचे बुडबुडे अडकून राहिले, त्यांची भोकं झाली, आणि पुढं त्या भोकांत पांढरे स्फटिक, गारगोटीचे दाणे बसले. मांजऱ्याच्या रंगात थोडी जांभळट, करडी झाक असते आणि पहारीला तो लवकर वश होतो. दोन लोटांच्या मध्ये गेरू, तो भाजलेल्या मातीचा तांबडा पट्टा. कुठं वीतभर, कुठं पुरुषभर. आणि सगळ्यांत वर मुरूम, म्हणजे ऊन-पावसानं झिजून भुसभुशीत झालेला हाच फत्तर.

मांजऱ्याच्या भोकांत पाणी भरलेलं असतं अशी पुष्कळांची समजूत आहे. ती भोकं बहुतेक एकमेकांना जोडलेली नसतात, त्यामुळं पाणी त्यांत शिरत नाही. मांजऱ्याला आडव्या चिरा असतात, तो झिजतोही लवकर, आणि पाणी राहतं ते या चिरांत आणि झिजलेल्या अंगात. कातळाला चिरा असतात त्या उभ्या आणि विरळ. त्या उघड्या असतील तर कातळही वाट देतो, मिटलेल्या असतील तर वर्षानुवर्षं थेंब सोडत नाही. गेरू बहुतेक वेळा पाण्याला खाली उतरू देत नाही. म्हणून मांजऱ्यातून झिरपलेलं पाणी खालच्या कातळावर किंवा गेरूवर येऊन थांबतं आणि आडवं सरकू लागतं. डोंगरउतारावर जिथं हा सांधा उघडा पडतो तिथं झरा फुटतो. औंढ्याच्या डोंगररांगेत पावसाळ्यानंतर उतारावर हिरवी रेघ दिसते, ती या सांध्याची. गुराख्यांना ती पाठ असते.

एका बांधाच्या दोन बाजूंना दोन विहिरी, एकीला मार्चपर्यंत पाणी, दुसरी दिवाळीलाच तळ दाखवते. हे गावोगाव दिसतं. मग कुणी म्हणतं नशीब, कुणी म्हणतं पाणाड्याचा नारळ खरा ठरला. माझं म्हणणं असं की याला नशीब म्हणणं हा त्या कोरड्या विहिरीच्या मालकावर अन्याय आहे. त्यानं काही कमी केलेलं नसतं. त्याची विहीर मांजऱ्याच्या पदरात न पडता कातळाच्या पोटात पडली एवढंच. ज्यांनी आयुष्यभर विहिरी खोदल्या त्या वडार समाजातल्या जुन्या माणसांना हे थर हाताच्या स्पर्शानं ओळखू येतात. मुरूम कोणत्या रंगाचा निघाला, पहार कशी वाजली, यावरून ती पुढचं सांगतात. या ज्ञानाची नोंद गावाच्या दप्तरात कुठं होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्येक नवी विहीर म्हणजे फत्तरानं उघडून दाखवलेलं एक पान असतं. ते पाहायचं, लिहून ठेवायचं, आणि मगच पुढची जागा धरायची, इतकं तरी व्हायला हवं.

आता त्याची देण्याघेण्याची रीत. हिंगोलीत वर्षाला साधारण साडेआठशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. नऊशे धरला तर एका एकरावर सुमारे ३६ लाख लिटर पाणी आभाळातून येतं. त्यातलं फत्तर स्वतःकडे किती घेतो? केंद्राच्या भूजल अंदाज समितीनं १९९७ साली प्रत्येक खडकासाठी ढोबळ मान ठरवून दिलं. भोकाभोकांच्या, चिरा पडलेल्या बेसाल्टमध्ये पावसाच्या १३ टक्के पाणी मुरतं, झिजलेल्या बेसाल्टमध्ये ७ टक्के, आणि चिरा नसलेल्या घट्ट खडकात १ टक्का. म्हणजे तोच पाऊस, तोच एकर. मांजऱ्यावर पावणेपाच लाख लिटर खाली जातं, झिजलेल्या फत्तरावर अडीच लाख, आणि निव्वळ कातळावर जेमतेम ३६ हजार. उरलेलं काही उन्हानं जातं, काही माती धरून ठेवते, पिकं पितात, आणि बाकीचं ओढ्यानं निघून जातं.

ओढ्यानं जाणाऱ्या पाण्यामागंही हाच फत्तर आहे. काळी माती हे त्याचंच लेकरू. त्याच्या झिजेतूनच ती घडली. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचे पहिले सडाके त्या भेगांतून सरळ खाली उतरतात, वाफसा होतो, पेरण्या होतात. पण माती भिजली की फुगते आणि भेगा मिटतात. त्यानंतर पडलेला मोठा पाऊस तिच्यात सावकाश मुरतो, बाकीचा अंगावरून वाहून जातो. सेनगावच्या माळाकडं माती मुळातच पातळ, खाली लगेच फत्तर. तिथं तासाभराच्या मुसळधारेनं ओढा दुथडी भरतो आणि संध्याकाळपर्यंत त्यात दगडगोटे उघडे पडतात. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यात उगम पावून सेनगाव, हिंगोली, कळमनुरी असा प्रवास करणाऱ्या कायाधूचा स्वभाव या ओढ्यांनीच बनवला आहे. नरसीला नामदेव महाराजांच्या मंदिराजवळून वाहणारी ही नदी श्रावणात भीती वाटावी इतकी चढते आणि माघ-फाल्गुनात डोहांपुरती उरते. पावसाळ्यानंतर जे पाणी तिच्यात हळूहळू वाहत असतं ते ढगातलं नसतं. ते मांजऱ्याच्या चिरांतून पाझरत आलेलं असतं. विहिरींनी तो पाझर वरच्या वर उचलला की नदी आटते, आणि मग लोक पावसाला बोल लावतात.

शेजारपाजारच्या खडकांशी तुलना केली की याचा स्वभाव आणखी उमगतो. कोकणातला जांभा पाणी पटकन पितो, पण धरून ठेवत नाही. तिथं हिंगोलीच्या तिपटीहून जास्त पाऊस पडतो, तरी मे महिन्यात सड्यावरच्या वाड्यांना टँकर लागतो, कारण प्यालेलं सगळं जांभा पायथ्याच्या झऱ्यांतून सोडून देतो. हिंगोलीच्या पलीकडं, नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडं गेलं की फत्तर संपत जातो आणि ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे दिसू लागतात. ग्रॅनाइट वरच्या झिजलेल्या थरात थोडं पाणी धरतो, त्याखाली फारसं घेत नाही. म्हणून तिकडून पुढं तेलंगणात काकतीयांच्या काळापासून तळी बांधून पाणी जमिनीवरच साठवण्याची रीत पडली. आपल्याकडं मात्र बारवा झाल्या, आड झाले. परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याची आणि वालूरची बारव पाहावी. पाण्याच्या पातळीबरोबर माणसानं पायरी पायरी खाली उतरायचं, अशी ती रचना आहे. ज्या खडकात पाणी वर्षभरात कित्येक हात चढतं-उतरतं त्याच खडकाला शोभणारी.

कित्येक हात का चढतं-उतरतं, यात या फत्तराची खरी ओळख आहे. त्याचा खिसा फार लहान आहे. एक घनमीटर वाळूच्या गाळातून उपसल्यावर साधारण १६० लिटर पाणी मिळू शकतं. तेवढ्याच आकाराच्या चांगल्या, झिजलेल्या फत्तरातून मिळतं सुमारे २० लिटर, म्हणजे २ टक्के. त्यामुळं ६० मिलिमीटर पाणी मुरलं तरी भूजल तीन मीटर वर येतं. भाद्रपदात विहीर काठोकाठ भरलेली पाहून माणूस हरखतो. पण तीच ६० मिलिमीटर शेताला एकदा पाणी द्यायला लागतात. सात मीटर व्यासाच्या विहिरीतलं तीन मीटर पाणी मोजलं तर सव्वा लाख लिटरही भरत नाही. अर्ध्या एकराची एक पाळी. बाकी सगळी मदार चिरांतून येणाऱ्या झऱ्यावर. फत्तर लवकर भरतो आणि लवकर रिता होतो. तो फसवत नाही. त्याची ऐपत न पाहता त्याच्या भरवशावर पिकं ठरवणारे आपण असतो.

हे हळदीच्या बाबतीत प्रकर्षानं दिसतं. वसमतची हळद आणि तिथला हळदीचा बाजार सगळ्या देशात नावाजलेला. पूर्णेवरच्या येलदरी-सिद्धेश्वरच्या कालव्यांनी वसमतकडच्या शेतांना पाणी दिलं, आणि कालव्यातून झिरपणाऱ्या पाण्यानं आसपासच्या विहिरीही तगल्या. तिथं हळद शोभली. भाव चढले तशी हळद कालवा नसलेल्या माळांवरही चढली. नऊ महिने जमिनीत राहणारं, पुन्हा पुन्हा पाणी मागणारं हे पीक २ टक्क्यांच्या खडकावर उभं करायचं म्हणजे त्या शिवारातल्या प्रत्येक विहिरीनं शेजारणीच्या वाट्यातून उचलायचं. मांजऱ्याचा थर एका सातबाऱ्यात मावत नाही; तो दहा-वीस शेतांखालून सलग गेलेला असतो. एकानं आडवं बोअर मारून फूट मोठी केली की दुसऱ्याची धार बारीक होते. हळद लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. लेकरांच्या फिया आणि दवाखाने त्याच पिकातून निघतात. पण खालचा थर सामाईक आहे, ही गोष्ट वाटणीपत्रात कुठंच नसते.

थोरल्या कातळाला विहीर खोदणारे कितीही बोल लावोत, त्याची दुसरी बाजू औंढ्याला पाहायला मिळते. नागनाथाच्या मंदिराच्या भिंतींवरचे हत्ती, देवता, सुरसुंदरी याच काळ्या पाषाणात घडवल्या आहेत. कारागिरांनी निवडला तो भोकं नसलेला, चिरा नसलेला, पाणी न पिणारा दगड. पाणी आत शिरत नाही म्हणूनच इतक्या शतकांच्या पावसानंतरही मूर्तींच्या अंगावरचे दागिने मोजता येतात. शेतकऱ्याला जो गुण नडतो तोच शिल्पकाराला हवा होता. त्याच औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात आता गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. एवढ्या नाजूक यंत्रासाठी शांत जमीन लागते. फत्तर मात्र अगदीच निश्चल नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात गेली काही वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, आणि २१ मार्च २०२४च्या सकाळी ४.५ तीव्रतेच्या धक्क्यानं लोक घराबाहेर धावले. किल्लारीच्या भूकंपाची आठवण असलेल्या मराठवाड्यात असा धक्का कुणी सहज घेत नाही.

फत्तराच्या पोटात खोलवर शिरण्याची माणसाची धडपड फार जुनी नाही. १९६०च्या दशकात जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशननं हवेच्या दाबावर चालणारी छेदनयंत्रं वापरून गावांना पिण्याच्या पाण्याची बोअर पाडून द्यायला सुरुवात केली. त्यावर बसवलेला हातपंप जालना पंप म्हणूनच ओळखला गेला. १९७२च्या दुष्काळात ही यंत्रं गावोगाव पोचली आणि हापशानं पुष्कळांचे प्राण वाचवले, हे विसरता येणार नाही. पण जे तहानेसाठी आलं ते पुढं पिकांसाठी वापरलं जाऊ लागलं. दोनशे फूट, चारशे फूट, सहाशे फूट. खोल गेलं की पाणी हमखास, हा हिशेब या खडकात बसत नाही. खाली प्रत्येक लोटाचा कातळ आहे, वरच्या वजनानं चिरा मिटलेल्या आहेत. लागलंच तर एखाद्या फटीतलं जुनं साठलेलं पाणी लागतं. दोन हंगाम चालतं आणि मग मोटार हवा ओढते. पुष्कळदा तर नुसती करडी भुकटीच वर येते. गाडीवाला पैसे घेऊन निघून जातो, घरात कर्ज राहतं. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई केली आहे. हा आकडा शेतकऱ्याच्या आड येण्यासाठी ठरवलेला नाही, फत्तराचा स्वभाव ओळखून ठरवलेला आहे, असं मी मानतो. त्याची अंमलबजावणी शिवारात दिसत नाही, ही दुःखाची गोष्ट आहे.

पाणी अडवण्याच्या कामांतही फत्तराला विचारलं जात नाही. पोकलेन येतं, नाला सरसकट खोल आणि रुंद होतो, फोटो निघतात. नाल्याच्या तळाशी मांजऱ्या किंवा मुरूम असेल तर ते पाणी खरंच आत जातं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना महिनाभरात फरक पडतो. तळाशी घट्ट कातळ असेल तर तो फक्त उघडा हौद होतो. पाणी उन्हानं जातं. याहून वाईट म्हणजे मांजऱ्याचा थर पार कापून नाला खाली नेला, तर आजूबाजूच्या शेतांखालचं पाणी त्या नाल्यातून वाहून जातं. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला खोल नाल्यांनी पाणी वाढलं, कारण तिथल्या बऱ्याच भागात तापीचा जाड गाळ आहे. तीच खोली सेनगावच्या माळावर मोजून खणली तर तेच फळ मिळेल असं फत्तर म्हणत नाही. इथं माथ्यावर समतल चर, उतारावर झाडोरा, आणि मांजऱ्याच्या तोंडाशी छोटे बांध यांचा उपयोग जास्त. कायाधूच्या पुनरुज्जीवनासाठी धडपडणारी उगम ग्रामीण विकास संस्थेची माणसं नदीच्या पात्राबरोबर तिला मिळणाऱ्या ओढ्यांकडंही लक्ष देतात, ते मला म्हणूनच पटतं. पाणी मुरतं ते वरच्या अंगाला.

राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. गावाला स्वतःपुरतं हे करायला मे आणि ऑक्टोबर पुरेत. वेगवेगळ्या थरांतल्या पाच-सात विहिरी निवडायच्या, दोराला दगड बांधून पाण्याची खोली मोजायची, शाळेतल्या पोरांकडून फळ्यावर वजाबाकी करून घ्यायची. समजा पाणी दोनच मीटर चढलं. म्हणजे शिवारभर ४० मिलिमीटर मुरलं. शिवाराच्या चौथाई भागालाच ते द्यायचं ठरलं तर तिथं १६० मिलिमीटर होतात. हरभऱ्याच्या दोन पाळ्या निघतात, हापशाला आणि गुरांना थोडं उरतं. उन्हाळी भुईमूग त्यात बसत नाही.